खाजा मियाचं बॉनेट

गाडी खाजा मियाची होती. एवढं एक वाक्य उत्तमसिंग राठोडनं औंढ्याच्या पार्किंगमध्ये तोंडातून काढलं असतं, तर पुढचं रामायण घडलंच नसतं. पण माणूस हा असा नग आहे, की दुसऱ्याची वस्तू वापरायला त्याला लाज वाटत नाही. ती आपली नाही हे सांगायला वाटते.

सेनगावात उत्तमसिंगचं आणि खाजा मियाचं घर एकाच भिंतीला टेकून उभं. उत्तमसिंग पंचायत समितीत कारकून, खाजा मियाचं बाजारात भांड्यांचं दुकान. गाडी काळी कुळकुळीत. घेतली तेव्हाही नवी नव्हती, पण खाजा मिया तिला लेकरासारखं जपायचा. रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी जुन्या बनियननं ती कोरडीच पुसायचा. या पुसण्यानं तिच्या अंगावर बारीक ओरखड्यांचं जाळं झालं होतं आणि चमक पार उतरली होती. खाजा मियाला ते कधी दिसलं नाही. प्रेमानं बघणारा माणूस उन्हात तिरका होऊन बघत नसतो.

त्याच्या लेकीचं, यास्मीनचं, बाळंतपण हैदराबादला होतं. तो आणि त्याची बायको रहमतबी तिकडं निघाले तेव्हा त्यानं चावी उत्तमसिंगच्या हातावर ठेवली. "मधून मधून फिरवत जा. उभ्या उभ्या बॅटरी उतरते. आन याडीला कुठं न्यायचं असलं तर ने, विचारत बसू नको."

उत्तमसिंगची याडी, म्हणजे आई, नानीबाई, पुसेगावकडच्या तांड्यावर राहते. तिला कधीचं नागनाथाच्या दर्शनाला जायचं होतं. उत्तमसिंग गाडी घेऊन तांड्यावर गेला. ती खाजा मियाची हे तिथं कुणालाच ठाऊक नव्हतं. नानीबाई नवं लुगडं नेसून बाहेर आली, गाडीभोवती एक फेरी मारली, दारावर हात फिरवला आणि म्हणाली, "घेतली व्हय रे शेवटी?"

उत्तमसिंग म्हणाला, "हं."

आता हे 'हं' म्हणजे काय, ते कायद्याच्या भाषेत सांगता येत नाही. त्यात कबुली नाही, नकार नाही, सही नाही, शिक्का नाही. कारकुनानं आयुष्यभर टेबलावर हेच केलेलं असतं. शिवाय ओट्यावर सगळा तांडा उभा होता. याच तांड्यावर त्याच्या धाकट्या चुलतभावानं मागच्या वर्षी ट्रॅक्टर आणला, तेव्हा नानीबाईनं पेढा खाल्ला होता आणि काहीच बोलली नव्हती. ते न बोलणं उत्तमसिंगच्या पोटात रुतून बसलं होतं. तर असं ते 'हं' होतं.

औंढ्याला पोचल्यावर नानीबाईनं त्याला थांबवलं. "नव्या गाडीची पूजा करून मंग आत जायचं." दुकानातून नारळ, लिंबं, शेंदूर, तेल, सगळं तिनं स्वतः घेतलं. चाकाखाली लिंबं ठेवली. शेंदूर तेलात कालवला आणि बॉनेटवर सुपाएवढं स्वस्तिक काढलं. रेघा अशा जाड आणि सरळ आल्या, की शेजारच्या गाडीवाल्यानं विचारलं, "मावशी, आमच्या पण गाडीवर काढता का?"

उत्तमसिंगनं दोनदा तोंड उघडलं. दोन्ही वेळा आजूबाजूला लोक होते.

मग दर्शनाची रांग, मग प्रसाद, मग नानीबाईची ओळखीची माणसं. गाडी भर उन्हात. तिथून तांडा, आणि तांड्यावर बायाबापड्यांनी गाडी बघायला आणखी वेळ घेतला. निघताना उत्तमसिंगनं फडकं काढलं तर नानीबाई ओरडली, "पुसू नको! आपोआप जाऊ दे त्याला." घरी येऊन त्यानं पुसलं, तेव्हा शेंदूर गेला, पण तापलेल्या पत्र्यावर तेलानं आणि शेंदरानं आपलं काम केलं होतं. काळ्या रंगात खरबरीत, नारिंगी झाक असलेलं स्वस्तिक उतरलं होतं. साबण लावला. जाईना. परत साबण लावला. ते आणखी स्वच्छ दिसायला लागलं.

बायको नीलम शांतपणे म्हणाली, "फोन लावा आन सांगून टाका."

"फोनवर सांगण्यासारखं हाय का हे?"

"मंग समोरासमोर सांगण्यासारखं तरी हाय का?"

"तुला समजत न्हाई. त्यांच्या गाडीवर आपलं स्वस्तिक. लोक काय म्हणतील? खाजाभाईला काय वाटंल?"

"काय वाटंल?"

उत्तमसिंगनं गाडीवर कव्हर ओढून डाग गल्लीपासून झाकला. काही उत्तरं तोंडात तयार असतात, फक्त ती उच्चारली की आपण कोण आहोत ते कळतं.

त्यानं ऑफिसात सोमेश्वरला गाठलं. सोमेश्वर शेजारच्या टेबलावर बसतो आणि जगातलं सगळं त्याला येतं, फक्त टेबलावरचं काम सोडून. कुणाची गाडी, कसला डाग, हे न सांगता उत्तमसिंगनं विचारलं. सोमेश्वर म्हणाला, टूथपेस्ट. खिडकीतून शिपाई म्हणाला, रॉकेल. चहावाला म्हणाला, राख आणि लिंबू. घरी आला तर समोरच्या जमनाबाई म्हणाल्या, आंबट दही. आणि प्रत्येकजण शेवटी एकच वाक्य म्हणायचा, "पण चमकवायचंच असलं तर खाजा मियाला विचारा. भांडेवाला हाय, त्याला ठाऊक असंल."

मग उत्तमसिंग मोबाईलकडे वळला. हातमोजे घातलेला एक हिंदी बोलणारा पोरगा त्यात समजावून सांगत होता, की गाडीच्या रंगावर एक पारदर्शक थर असतो, तो कागदाहून पातळ असतो आणि तुम्ही जे घासता ते डागाला नव्हे, त्या थराला घासता. म्हणून आधी सगळ्यात मऊ घ्या, एका कोपऱ्यात करून बघा, नाही जमलं तरच जास्त कडक घ्या. पॉलिशमध्ये प्रकार तीन: रव्यासारखं जाड, कणकेसारखं मध्यम, मैद्यासारखं बारीक. पॅडमध्ये पण तीन: लोकरीचं सगळ्यात खाणारं, मग मायक्रोफायबरचं, मग स्पंजाचं. स्पंजात पुन्हा कडक आणि मऊ, आणि ते रंगावरून ओळखायचं. पण एका कंपनीचा नारिंगी दुसऱ्या कंपनीच्या पांढऱ्याच्या जागी. रंगांचा हा घोळ ऐकून उत्तमसिंगला पहिल्यांदा आपल्या खात्यातल्या परिपत्रकांबद्दल आदर वाटला.

पण एक सांगतो, त्यानं अभ्यास केला. खात्याच्या परीक्षेला केला नव्हता एवढा केला. बारीक पॉलिश आणि मऊ काळा स्पंज मागवला. इथपर्यंत त्याचं सगळं बराबर होतं.

पार्सल हिंगोलीला येऊन बसलं. कुरियरवाला म्हणाला, सेनगावला आठवड्यातून एकदाच गाडी येते. उत्तमसिंग म्हणाला, मीच येतो. तो म्हणाला, या, पण ओटीपी लागंल. ओटीपी आला नीलमच्या फोनवर, आणि नीलमचा फोन घरी पिठाच्या डब्यावर. उत्तमसिंग हिंगोलीच्या काउंटरवर उभा राहून बायकोला फोन करतोय आणि बायकोचा फोन घरी कुणाशीच न बोलता वाजतोय. दुसऱ्या दिवशी पुन्हा रजा टाकली. कारण लिहिलं, मावशी आजारी. साहेबांनी विचारलं, कुठल्या दवाखान्यात? उत्तमसिंगला मावशी नाही. पण त्या दिवसापासून ऑफिसातली माणसं रोज तिची तब्येत विचारू लागली, आणि त्याला ती हळूहळू बरी करावी लागली.

तर पार्सल आलं. सोमेश्वरचं ड्रिल मशीन आणून त्याला स्पंज बसवला. गाडी गल्लीत, स्वतःच्या खिडकीखाली घेतली, कारण वायर तिथवरच पोचत होती. आणि इथं कारकुनाच्या डोक्यानं घात केला. व्हिडिओतला पोरगा म्हणत होता, सगळं बॉनेट एकसारखं करा. उत्तमसिंगनं विचार केला, तक्रार जेवढ्याची, चौकशी तेवढ्याचीच. बाकीच्या बॉनेटचा काय संबंध? उगाच परक्याच्या मालाला हात कशाला लावा? म्हणून त्यानं डागाच्या कडेकडेनं चिकटपट्टी लावली. कोपरा न् कोपरा, पट्टी धरून, फाईलच्या समासासारखी. मग त्या पट्ट्यांच्या आत, आणि फक्त आत, मऊ स्पंजानं, बारीक पॉलिशनं, अत्यंत मन लावून काम केलं.

डाग गेला. साफ गेला. आयुष्यात त्याचं एकही काम इतकं चोख झालं नव्हतं.

त्यानं चिकटपट्ट्या काढल्या.

बाकीचं बॉनेट जुन्या बनियननं मेलेलं, मळकट काळं. आणि मधोमध आरशासारखं लखलखीत, रेघ न् रेघ कोरलेलं, सुपाएवढं स्वस्तिक. त्यात खिडकीचे गज दिसत होते. त्यात उत्तमसिंगचं तोंड दिसत होतं.

नीलमनं खिडकीतून बघितलं. ती हसली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "आधीचं तरी फिकं होतं."

आता उरलेलं बॉनेट तेवढंच चमकवणं हा सरळ उपाय होता. पण बारीक पॉलिशची बाटली संपली होती, आणि खाजा मियाचा फोन येऊन गेला होता, नातू झाला, आता येतोच. उत्तमसिंग धावत गुलाबचंदच्या हार्डवेअरच्या दुकानात गेला.

"पॉलिश कंपाउंड पाहिजे. बारीकातलं."

"हे घ्या." गुलाबचंदनं मोठा डबा आपटला.

"हे जाड हाय. रव्यासारखं हाय."

"साहेब, ट्रॉलीचा गंज याच्यानंच निघतो. बारीक घेऊन तुमी काय चेहऱ्याला लावणार?"

"आन स्पंज? मऊ?"

"लोकरीचं हाय. मेंढीपेक्षा मऊ काय असतं, सांगा?"

उत्तमसिंगला माहीत होतं. लोकरीचं पॅड सगळ्यात जास्त खातं, जाड कंपाउंड त्याहून जास्त खातं, आणि ड्रिल एका जागी थांबलं की दोघं मिळून रंगच खातात. हे त्यानं पाठ केलं होतं. पण घाबरलेल्या माणसाचं पाठांतर आधी पळतं. त्यानं मधल्या स्वस्तिकावर पट्टी लावली, ते तरी खराब होऊ नये म्हणून, आणि भोवती लोकर फिरवली. जोर लावून फिरवली. बॉनेट तापलं, वास सुटला. पुसून बघतो तर सगळीकडं पांढुरकी धुकट गोल गोल वलयं, आणि कडेला एका जागी थर जाऊन आतला करडा रंग उघडा पडलेला.

थोडक्यात, स्वस्तिकाला त्यानं स्वतःच्या हातानं प्रभावळ करून दिली.

तो कव्हर आणायला आत गेला, तेवढ्यात जमनाबाई दळण घेऊन आल्या. त्यांनी बघितलं. दळण खाली ठेवलं. हात जोडले आणि घरातून दोन झेंडूची फुलं आणून बॉनेटवर ठेवली. उत्तमसिंग कव्हर घेऊन बाहेर आला, तेव्हा तिथं चार बाया होत्या.

"कालपर्यंत नव्हतं. मी रोज बघते. आपोआप उमटलं," जमनाबाई सांगत होत्या.

"खाजा मियाच्या गाडीवर?"

"देव काय घर बघून उमटतो व्हय?"

कव्हर टाकायला गेला तर तेवढ्यात आलेला एकजण म्हणाला, "झाकू नका सर, फोटो काढू द्या." देवाला झाकणारा माणूस कोण म्हणून लोक बघायला लागले. त्यानं कव्हर काखेत धरलं आणि बाजूला झाला.

संध्याकाळपर्यंत फोटो गावभर झाला. एका ग्रुपवर चमत्कार, दुसऱ्या ग्रुपवर खोडी. मोटारसायकलवरून दोघं आले, गाडीभोवती फिरले, "कोणी केलं हे?" एवढंच विचारून गेले. त्यांच्यामागून दुसऱ्या बाजूचे दोघं आले आणि तेच विचारून गेले. आपल्याकडं डाग पडला की आधी त्याचा धर्म विचारतात, मग साबण शोधतात. 

सोमेश्वर उत्तमसिंगच्या कानाला लागला. "आता गप बस. फुकटात सुटलास. देवावर ढकलून दे. देव काय खुलासा द्यायला ऑफिसात येत न्हाई."

आणि खरं सांगायचं तर उत्तमसिंग गप बसला. नीलमनं रात्री जेवायला वाढलं आणि ताट जरा जोरात ठेवलं.

खाजा मिया दुसऱ्या दिवशीच आला. कुणीतरी फोटो हैदराबादला पोचवला होता. रहमतबीला लेकीजवळ ठेवून एकटाच निघाला होता. एसटीतून उतरून पिशवी खांद्यावर घेऊन गल्लीत शिरला, तर त्याच्या गाडीभोवती माणसं, बॉनेटवर झेंडू, आणि पुढच्या चाकाशी कुणीतरी फोडलेला नारळ.

लोकांनी वाट दिली.  खाजा मियानं पिशवी खाली ठेवली. झेंडूची फुलं एकेक उचलून जमनाबाईच्या हातात नीट दिली. मग वाकला, बॉनेटवर बोट फिरवलं, धुकटलेल्या पांढऱ्या वलयावर फिरवलं, कडेच्या करड्या डागावर थांबला. बोट नाकाजवळ नेलं.

"रबिंग कंपाउंड," तो म्हणाला. "गुलाबचंदच्या डब्यातलं." त्यानं माणसांकडं बघितलं. "देवाला एवढी घाई होती व्हय, की बारीक पॉलिशची वाट न्हाई बघितली?"

कुणीतरी फस्सकन हसलं आणि लगेच खोकलं.

"खाजाभाई, आपोआप उमटलंय," मागून कुणी म्हणालं.

"आपोआप? मंग ही चिकटपट्टी बी आपोआप आली?" त्यानं बॉनेटच्या कडेला राहिलेला तुकडा सोलून वर धरला.

सोमेश्वरनं उत्तमसिंगचा सदरा मागून ओढला. उत्तमसिंगला वाटलं, आपण पुढं गेलो नाही तर ही माणसं आता एकमेकांकडं बघतील, आणि मग गोष्ट आपल्या हातात राहणार नाही. तो पुढं आला.  हे शौर्य नव्हतं. जागा उरली नव्हती म्हणून आला.

"मी केलं," तो म्हणाला. "कोणी खोडी न्हाई केली. चमत्कार बी न्हाई. याडीनं शेंदूर लावला होता, तो काढायला गेलो."

गर्दी किती निराश झाली, ते बघायला पाहिजे होतं. भांडणाची आशा गेली, देवाची पण गेली, आणि हातात राहिला एक कारकून. "एवढंच व्हय," म्हणत माणसं पांगली. मोटारसायकलवाल्यानं जाता जाता फोटो काढला, या वेळी उत्तमसिंगचा.

दोघंच राहिले तेव्हा खाजा मिया बोलायला लागला. आवाज चढवून बोलला. गाडीबद्दल बोलला, ड्रिलबद्दल बोलला, अक्कल आणि लोकर यांच्याबद्दल बोलला. उत्तमसिंग ऐकत राहिला. त्यात त्याला बरं वाटत होतं. शिव्या खाताना माणसाला सूट मिळाल्यासारखं वाटतं. मग खाजा मिया थांबला.

"पण पुसायला काहून गेला? मावशीनं काढलं होतं. राहिलं असतं."

"तुमी रागवाल म्हणून."

"काहून रागवीन?"

उत्तमसिंगनं चाकाशी पडलेली नारळाची करवंटी उचलली.

"बोल की. काहून रागवीन मी?"

गल्लीत एक शेळी झेंडूची गळलेली पाकळी खात होती. उत्तमसिंग तिच्याकडं बघत राहिला.

"डाग बघून मी रागावलो असतो," खाजा मिया म्हणाला. "कुंकवाचा असो, कावळ्याचा असो. दोन दिवस बोललो नसतो, मंग बोललो असतो. पण तू इतकी वर्षं माझ्या घरात खातो, यास्मीनच्या लग्नात तुझी याडी दारात उभी राहून पाव्हण्यांना पाणी देत होती, आन तुला वाटलं खाजा हे बघून..." पुढचं त्यानं सोडून दिलं.  मग अचानक विचारलं, "मावशीनं माझ्या गाडीची पूजा काहून केली?"

उत्तमसिंगनं मान आणखी खाली घातली. खाजा मियाला समजलं.

"बस गाडीत," तो म्हणाला. "चल तांड्यावर. आज तिला सांगूच, गाडी कोणाची हाय."

वाटेत गाडी उत्तमसिंग चालवत होता आणि समोर ते लखलखत होतं. पुसेगावच्या फाट्यावर एका म्हाताऱ्यानं गाडीला नमस्कार केला. उत्तमसिंगला वाटलं, आपण स्टिअरिंगखाली मावलो तर बरं.

नानीबाई ओट्यावर तूर निवडत बसली होती. खाजा मिया उतरायच्या आधीच तिनं खिडकीतून त्याचं तोंड दोन्ही हातात धरलं. "ये रे खाजा! यास्मीन कशी हाय? पोरगं का पोरगी? दूध पितं का नीट?" खाजा मियानं सगळं सांगितलं. सांगता सांगता त्याचा चेहरा सैल पडत गेला. मग नानीबाईनं गाडीवर थाप मारली.

"बघितली का माझ्या लेकाची गाडी? कशी हाय?"

उत्तमसिंगनं डोळे मिटले.

"चांगली हाय, मावशी," खाजा मिया म्हणाला.

"आन तू रे, उत्तम! गाडी आली म्हणून मिजास करू नको. खाजाला गरज पडली तर न्हाई म्हणायचं न्हाई. शेजारी हाय तुझा."

"न्हाई म्हणत, मावशी," खाजा मिया बाहेरच्या तुरीच्या ढिगाकडं बघत म्हणाला. "मागितली की देतो बिचारा."

हे मात्र उत्तमसिंगला झेपलं नाही. शिव्या झेपल्या, गर्दी झेपली, फोटो झेपला. हे नाही.

"याडी," तो म्हणाला.  "गाडी खाजाभाईची हाय. माझी न्हाई. मी तुला खोटं बोललो."

नानीबाईचा हात गाडीवरच राहिला. तिनं आधी लेकाकडं बघितलं. मग खाजा मियाकडं बघितलं, आणि त्याच्याकडं जास्त वेळ बघितलं.

"आन तू? तू आत्ता काय म्हणाला मला?"

"मावशी, मी म्हणलं, तुमचं मन..."

"एक खोटं बोलतो आन दुसरा त्याला टेकू देतो. डोक्यावर केस पांढरे झाले, आन दोघं मिळून म्हातारीला येडं बनवून राहिले! उतरा. दोघं बी उतरा खाली."

दोघं उतरले. ओट्यावर शेजारच्या बाया निवडायचं सोडून बघत होत्या. आणि अख्ख्या सेनगावच्या बाजारात भावावरून कुणापुढं कधी मान न वाकवलेला खाजा मिया, नानीबाईच्या ओट्यासमोर, उत्तमसिंगच्या शेजारी, त्याच्यासारखीच मान खाली घालून उभा राहिला.